ग्रामपंचायतीने वायफाय द्यावं का? द्यावं, पण चौकात नको

ताई, तुम्ही विचारलंय की गावात घरटी मोबाईल आहे, प्रत्येकाचा नेटपॅक मारलेला आहे, मग ग्रामपंचायतीने वायफायवर पैसे का घालायचे. मी पाच वर्षं सदस्य होतो, आम्ही हे करून बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घालायचेच. घरटी मोबाईल आहे खरं, पण तो बापाच्या खिशात आणि बाप रानात, संध्याकाळी पोरीच्या हातात येईस्तोवर दिवसाचा डेटा संपलेला असतो. स्कॉलरशिपचा फॉर्म, पीक विमा, भरतीचं हॉलतिकीट सगळं सरकारनेच ऑनलाइन केलंय ना, मग नळ आणि दिवाबत्ती जशी पंचायतीची तसंच हेपण. 2018 साली एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने स्टेशनच्या फुकट वायफायवर, कानात इयरफोन घालून ओझी वाहता वाहता अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला, हे मी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा कुठे ठराव झाला.

आमची चूक काय झाली तर राऊटर चौकात लावला. तिथे रात्री उशिरापर्यंत पोरं, मुली एकपण थांबायच्या नाहीत. मग तोच राऊटर वाचनालयात हलवला, बाहेर कट्ट्यावर पत्रा टाकला, आठवड्याभरात बारावीच्या मुली वह्या घेऊन बसायला लागल्या. खर्च तेवढाच, फक्त जागा बदलली.

दुसरं म्हणजे देखभाल. भारतनेटची, म्हणजे गावोगावच्या पंचायतींना नेट पोचवायच्या सरकारी योजनेची, फायबर आमच्या ऑफिसात आली, नारळ फुटला, आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली. तक्रार कुणाकडे करायची हेच दोन महिने कळेना. जोडून मिळाली तर इन्व्हर्टर बंद, कारण बॅटरीत पाणी घालायचं काम कुणाचंच नव्हतं. त्यामुळे विकास आराखड्यात नुसता राऊटर धरू नका, महिन्याचं बिल, बॅटरी आणि जबाबदार असा एक माणूस, नाव घालून, हे तिन्ही ठरावात घ्या.

पैशाचं म्हणाल तर पीएम-वाणी बघा, सार्वजनिक वायफायसाठी केंद्राने डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केलेली योजना आहे. त्यात चहावाला, किराणावाला कुणीही हॉटस्पॉट चालवू शकतो, त्याला लायसन्स नको, फी नको, नोंदणी अशी दुकानं एकत्र जोडणाऱ्या कंपनीची असते. पूर्वी अशा दुकानदाराकडे नेट कंपन्या महागडी लीज्ड लाईन, म्हणजे धंद्यासाठीची वेगळी लाईन, घ्यायला लावायच्या, जून 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलं की 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनच्या दुपटीपेक्षा जास्त दर त्यांना लावायचा नाही. म्हणजे फुकट नेट वाचनालयात, आणि बसस्टँडवर दुकानदाराचं स्वस्त कूपन, असं जमतं.

लॉगिन ओटीपीनेच ठेवा. पण ज्या पोराकडे फोनच नाही त्याला ओटीपी कुठून येणार, म्हणून वाचनालयात दोन कॉम्प्युटर आणि एक सहीचं रजिस्टर हवंच हवं, यावर अडून बसा.

आणि उद्या ऑफिसात गेलात की फायबरच्या डबीवरचे दिवे बघा. एलओएसचा (LOS, म्हणजे सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेर लाईनच गेलीये, राऊटर नवीन घेऊन उपयोग नाही. कुठला दिवा लागलाय ते इथे कळवा, पुढचं सांगतो.