नवरा सतत भांडतो, एवढ्यावर घटस्फोट मिळतो का?

प्रश्न: मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. मिस्टर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत प्रॉडक्शन मॅनेजर होते. तीन वर्षांपूर्वी मालकाशी वाजलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून घरात रोज भांडण. दुधाचं बिल, टोमॅटोचा भाव, मला यायला झालेला उशीर, कारण काहीही चालतं. जेवताना माझं पासबुक हातात घेऊन एकेक नोंद विचारतात. (दोनदा बँकेतही आले होते, साहेबांना ‘ही कुणाकुणाशी बोलते’ असं विचारून गेले.) हात कधी उचललेला नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. मुलगी बारावीत आहे. भाऊ म्हणतो, पोलिसात केस टाक. घटस्फोट मिळेल का? उलट मलाच पोटगी द्यावी लागेल का? इचलकरंजीला माहेरी गेले तर फ्लॅट जाईल का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

टोमॅटोवरून झालेल्या भांडणाने कोर्टात काही होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली क्रूरता हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्यात मानसिक क्रूरताही येते. पण संसारातली रोजची कुरबुर म्हणजे क्रूरता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या समर घोष निकालात स्पष्ट सांगितलंय. त्रास इतका हवा, की त्या माणसाबरोबर राहण्याची तुमच्याकडून अपेक्षाच करता येऊ नये. बँकेत येऊन साहेबांसमोर तुमच्या चारित्र्यावर बोट ठेवणं मात्र कुरबुरीत बसत नाही. 2021 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोने त्याच्या वरिष्ठांकडे तक्रारी करून त्याचं करिअर अडचणीत आणलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती मानसिक क्रूरता धरली. तुमच्याकडे तेवढं झालेलं नाही. पण रस्ता तोच आहे.

म्हणून घटस्फोटाआधी मी तुम्हाला 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बघायला सांगेन. हात उचलला नाही म्हणून तो लागू नाही, असा पुष्कळ बायकांचा समज असतो. शाब्दिक आणि भावनिक छळ कलम 3 मध्ये सरळ लिहिलाय. कलम 18 खाली मॅजिस्ट्रेट त्यांना तुमच्या नोकरीच्या ठिकाणी यायला मनाई करू शकतात, आणि तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम 14 खाली कोर्ट दोघांना समुपदेशनाला पाठवू शकतं. तुम्ही ‘चला, कुणाला तरी दाखवू’ म्हटलं तर ते उठणार नाहीत. कोर्टाने सांगितलं तर बहुतेक जातील. घर सोडायची, लग्न मोडायची गरज नाही.

एक बोलतो, राग मानू नका. फाउंड्रीत दिवसभर माणसं ज्याचं ऐकायची, त्याला आता ऐकायला तुम्ही एकट्याच उरलाय. हे त्यांच्या वागण्याचं समर्थन नव्हे. पण नोकरी सुटलेला माणूस आतून खचलेला असू शकतो, आणि डॉक्टरचं काम वकिलाने करू नये. आधी तो प्रयत्न करा.

भावाला सांगा, पोलिस केस नको. जुनं 498अ, म्हणजे नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचं फौजदारी कलम, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 मध्ये आहे. त्याला एक तर बाईला आत्महत्येकडे किंवा गंभीर इजेकडे ढकलणारं वागणं लागतं, नाहीतर पैशाच्या बेकायदा मागणीसाठी छळ. तुमच्या पत्रात दोन्ही नाही. फिर्यादीत ओढून-ताणून घातलं, तर उलटतपासणीत तुमचंच हसं होईल आणि खरा मुद्दा वाहून जाईल.

पुढेमागे घटस्फोटाकडे जायचंच झालं, तर दास्ताने खटला लक्षात ठेवा. आपल्याकडचंच मराठी जोडपं, 1975 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. बायकोचं वागणं क्रूर होतं हे कोर्टाने मान्य केलं, तरी नवरा हरला. का? त्यानंतरही दोघं नवरा-बायको म्हणून नांदले, म्हणजे त्याने माफ केलं असं धरलं गेलं. पण ती माफी अटीवर असते. वागणं पुन्हा सुरू झालं तर जुनं प्रकरण पुन्हा जिवंत होतं. म्हणून बँकेतल्या दोन्ही तारखा आजच वहीत लिहा. साहेब साक्षीला येतील का, तेही हळूच विचारा. मोबाईलवर भांडण रेकॉर्ड केलं असेल तर पुसू नका आणि तो फोन विकू नका. नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै 2025 चा निकाल आहे. मुलीला मात्र साक्षीदार करू नका. तिचं बारावीचं वर्ष आहे.

पोटगीची भीती अगदीच खोटी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 आणि 25 खाली नवराही मागू शकतो. नांदेडच्या एका शिक्षिकेने घटस्फोटित नवऱ्याला दरमहा 3,000 रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2022 मध्ये कायम ठेवला. पण धडधाकट, हाताला हुन्नर असलेला माणूस स्वतःहून नोकरी सोडून बसलाय, हे कोर्ट बघतं. त्यांच्या राजीनाम्याची प्रत, अनुभवाचं पत्र, आलेल्या नोकरीच्या ऑफर, काही सापडलं तर जपून ठेवा. दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. तुमचा पगार लपणार नाही, त्यांचं रिकामपणही.

वकिलाच्या खर्चाचा बाऊ करू नका. बाईला, तिचा पगार कितीही असो, मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. आणि अपिलात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची वारी नाही.

आता फ्लॅट. इचलकरंजीला गेलात म्हणून मालकी जात नाही, ती खरेदीखतावर आहे. परित्यागाचा, म्हणजे नवऱ्याला सोडून गेल्याचा, आरोप टिकायला सलग दोन वर्षं लागतात आणि सबळ कारण नसावं लागतं. म्हणून जायचंच झालं तर का जाताय ते दोन ओळींत त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून जा. हप्ता तुमच्याच खात्यातून चालू ठेवा. सहकर्जदार म्हणजे अख्ख्या कर्जाला दोघंही जबाबदार, हे बँकेतल्या बाईला मी काय सांगणार.