वाचक विचारतात : सुधारगृहातली पोरं पडद्यावर

प्रश्न : आमच्या फिल्म क्लबात बालसुधारगृहावरचा एखादा जुना अमेरिकी गुन्हेपट दाखवायचा आहे. ‘द मेयर ऑफ हेल’ (१९३३) आणि ‘क्राइम स्कूल’ (१९३८) यांची गोष्ट एकच असल्याचं ऐकलं. कोणता लावावा? (राजारामपुरी)

उत्तर : १९३३ चा. दोन्ही वॉर्नर ब्रदर्सचेच आणि दुसरा पहिल्यावर बेतलेला. १९३९ मध्ये ‘हेल्स किचन’ हा तिसरा अवतारही निघाला. त्यात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन आहेत.

आर्ची मेयो यांच्या पहिल्या चित्रपटात जेम्स केग्नीचा पॅट्सी गार्गन हा वशिल्यानं सुधारगृहांचा उपायुक्त झालेला गुंड आहे. पोरांचे हाल आणि तिथल्या नर्सचं बोलणं यामुळे तो बदलतो आणि संस्थेचा कारभार पोरांच्याच हाती देतो. महापौर, पोलीसप्रमुख, न्यायालय, सगळं त्यांचंच. ही कल्पना हवेतली नव्हती; विल्यम जॉर्ज यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल इथे १८९५ मध्ये मुलांचं असंच ‘ज्युनियर रिपब्लिक’ सुरू केलं होतं.

‘क्राइम स्कूल’मध्ये त्याच जागी हम्फ्री बोगार्ट येतो, पण धुतल्या तांदळासारखा सरकारी अधिकारी होऊन. कारण मधल्या काळात, जुलै १९३४ पासून, पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही याची हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. गुंडच तारणहार होतो, चिडलेली पोरं अधीक्षकावर खटला चालवतात आणि पळताना त्याचा जीव जातो, असलं काही त्यानंतर सहजासहजी संमत झालं नसतं. पोरांच्या टोळीची आपसातली जुगलबंदी मात्र ‘क्राइम स्कूल’मध्येच सरस आहे.

एक सूचना : सुरुवातीची वीसेक मिनिटं केग्नी दिसतच नाही. आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याच्यासाठी आलेली मंडळी चुळबुळ करतील.

प्रश्न : प्रोजेक्टरवर लावला की माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. शिवाय आम्ही केलेली मराठी सबटायटल्स मागे-पुढे होतात. (कसबा बावडा)

उत्तर : त्या काळची चौकट १.३७ : १, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट, आजच्यापेक्षा चौरसाकडे झुकणारी. १९२० × १०८० च्या पडद्यावर चित्र सुमारे १४८० पिक्सेल रुंद येतं आणि दोन्ही बाजूंना २२०-२२० पिक्सेलचे काळे पट्टे राहतात. हे पट्टे घालवायला कुणीतरी ‘फुल’ किंवा ‘वाइड’ निवडतं आणि केग्नी पसरतो. ‘झूम’ केलं तर डोकी कापली जातात.

‘४:३’ निवडण्याआधी फाइल तपासा. काही फाइलींमध्ये काळे पट्टे चित्रातच भरलेले असतात. अशा वेळी ‘४:३’ केलं की माणसं उलट लांबुडकी होतात. तिथे ‘१६:९’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू असली की जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो. आवाज मोनो आहे, तो मोनोच राहू द्या. सराउंड बंद करा आणि खरखर कमी करण्याच्या नादात ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) फार उतरवू नका, आधीच भरभर बोलणाऱ्या पोरांचे शब्द हरवतात.

सबटायटल्सची चूक दोन प्रकारची असते. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल, तर सगळ्या वेळा तेवढ्या सेकंदांनी सरकवल्या की झालं. फरक मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांनी वाढत जात असेल, तर वेगाचा घोळ आहे : फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सची आणि सबटायटल्स २५ ची, किंवा उलट. असं असेल तर सरकवत बसू नका. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलण्याची सोय आहे, ती वापरा. सबटायटल्सची फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. एका वेळी दोनच ओळी, ओळीला साधारण ३५ अक्षरं. पोरांच्या शिव्या शब्दशः उतरवू नका. आपल्या पेठेतलं पोरगं जे बोलेल ते लिहा.

प्रश्न : ‘मेयर’ नववीच्या वर्गाला दाखवता येईल का? आणि आपल्याकडे आज असं चालतं का? (इचलकरंजी)

उत्तर : दाखवता येईल, पण शिक्षकानं आधी एकदा स्वतः बघावा. आजारी मुलाचा मृत्यू आणि शेवटचा जाळपोळीचा प्रसंग अंगावर येतो. कृष्णवर्णीय आणि ज्यू पात्रांवरचे विनोद आज खटकतात. ते कापण्यापेक्षा त्यांवर दहा मिनिटं बोला.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला. चौकशीच्या काळात मूल निरीक्षणगृहात (लोकांच्या तोंडी अजून रिमांड होमच) राहू शकतं, नंतर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याचं मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. संस्थेच्या कर्मचाऱ्यानं मुलाशी क्रूर वागणूक केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गार्गनच्या ‘सरकारा’ची दूरची भावंडंही नियमांत आहेत : २०१६ च्या आदर्श नियमांनुसार संस्थेत वयोगटानुसार मुलांच्या समित्या स्थापन करायच्या असतात.

प्रश्न : सोबत आपल्या शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ लावला तर? (मंगळवार पेठ)

उत्तर : जोडी चांगली आहे, विषय मात्र वेगळा. १९५७ च्या त्या चित्रपटात सहा प्रौढ खुनी कैदी आहेत आणि कल्पना औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून आलेली. तो दोन तासांहून बराच मोठा, ‘मेयर’ दीड तासाचा. दोन वेगळ्या दिवशी लावा, शांतारामबापूंचा आधी.