पुस्तकांचा आणि प्रकाशनाचा इतिहास हा विषय घेऊन प्राध्यापक होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतिहासात एम.ए. होत आलंय, पुस्तकांचं वेड आहे, पुस्तकांच्या आणि प्रकाशनव्यवसायाच्या इतिहासावर संशोधन करून शिकवायला लागायचंय. अशी कारकीर्द खरोखर असते का, आणि आधी प्रकाशनसंस्थेत वर्ष-दोन वर्षं नोकरी करावी की थेट पीएच.डी.ला लागावं? मी गेली पंधरा वर्षं याच कामात आहे, म्हणून लिहिते.

आधी त्या वेडाबद्दल. असलं तर बिघडत नाही, पण या कामात पुस्तकं वाचणं फार कमी वाट्याला येतं. एका कादंबरीवर मी चाळीस पानांचं प्रकरण लिहिलंय. ती कादंबरी मी एकदाच वाचली आणि मला आवडलीही नाही. वाचलं काय, तर प्रकाशकाच्या जमाखर्चाच्या वह्या, कागदवाल्याची बिलं, बांधणीवाल्याची थकबाकी आणि 'पैसे कधी पाठवताय' एवढंच वेगवेगळ्या शब्दांत विचारणारी लेखकाची अकरा पत्रं. हे वाचताना कंटाळा आला तरी उठावंसं वाटत नसेल, तर तुम्ही या कामाच्या उपयोगाचे आहात.

आता पदाचं. 'ग्रंथेतिहासाचे प्राध्यापक' अशी पाटी जगात फार थोड्या दारांवर आहे. बाकीचे आम्ही सगळे पोटभाडेकरू. कुणी इतिहास विभागात, कुणी साहित्याच्या, कुणी ग्रंथालयशास्त्राच्या, कुणी माध्यमांच्या. हे आजचं नाही. आधुनिक ग्रंथेतिहासाची सुरुवात ज्या पुस्तकापासून मोजतात ते ल्युसियाँ फेव्र आणि आंरी-जाँ मार्तां यांचं फ्रेंच पुस्तक १९५८ साली आलं. फेव्र त्याच्या दोन वर्षं आधीच वारले होते. पुस्तक प्रत्यक्षात उभं केलं ते मार्तां यांनी, आणि ते पेशाने ग्रंथपाल होते. प्राध्यापकी त्यांच्याकडे नंतर आली. गंमत म्हणजे त्याच १९५८ साली मुंबईत अ. का. प्रियोळकरांचा भारतातल्या छापखान्यांच्या आरंभाचा इंग्रजी ग्रंथ निघाला. प्रियोळकर होते मराठी संशोधन मंडळाचे संचालक. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची छापून काढली. आजही त्या काळावर काम करणाऱ्याचा पहिला दिवस दात्यांची सूची उघडण्यातच जातो.

अमेरिकन इतिहासकार एलिझाबेथ आयझेनस्टाइन यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. छापखान्याने युरोप कसा बदलला, यावर १९७९ साली त्यांचे दोन खंड आले आणि त्यावर आजतागायत वाद चालू आहे. (इतिहासकार एड्रियन जॉन्स यांनी १९९८ मध्ये उलटा मुद्दा मांडला: छापील म्हणजे आपोआप स्थिर आणि विश्वसनीय असं काही नव्हतं, तो विश्वास माणसांनी मेहनतीने तयार केला. २००२ मध्ये दोघांची एका नियतकालिकात समोरासमोर जुंपली. तो अंक मिळवून वाचा, भांडण कसं करावं ते कळतं.) तर या बाईंनी १९५९ ते १९७४ वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठात अर्धवेळ शिकवलं. पंधरा वर्षं. मिशिगन विद्यापीठात मानाचं पद मिळालं तेव्हा त्या पन्नाशीत पोचल्या होत्या. पुढे उतारवयात ज्येष्ठांच्या टेनिसमध्ये राष्ट्रीय विजेतेपदंही मिळवली. त्याचा इथे काही संबंध नाही, पण मला ते आठवलं की बरं वाटतं.

माझा सल्ला विचाराल तर एकच: विषय शोधत बसू नका, आधी ढीग शोधा. ढीग म्हणजे कागदपत्रांचं असं दप्तर, जे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही आणि जे तुम्हाला बघू देतील. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट डार्नटन काही काळ वार्ताहर होते. १९६५ साली ते स्वित्झर्लंडमधल्या नोशातेलला गेले ते ब्रिसो नावाच्या एका फ्रेंच क्रांतिकारकाची पत्रं बघायला. तिथे त्यांना सापडलं अठराव्या शतकातल्या एका प्रकाशनसंस्थेचं अख्खं दप्तर: जवळपास ५०,००० पत्रं, शिवाय हिशेबाच्या वह्या. गाडीवान, कागद बनवणारे, चोरटी पुस्तकं सीमेपार नेणारे, उधारी बुडवणारे पुस्तकविक्रेते, सगळे त्यात. पुढची पन्नास वर्षं त्यांनी त्या ढिगावर काढली. लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता, वाचक आणि पुन्हा लेखक असं जे वर्तुळ त्यांनी १९८२ च्या निबंधात मांडलं, ज्याच्याशी आम्हा सगळ्यांना कधी ना कधी झटापट करावी लागते, ते आलं याच दप्तरातून. दुसरा ढीग: अमेरिकेतल्या मन्सी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १८९१ ते १९०२ मधल्या देवघेवीच्या नोंदवह्या २००३ साली सापडल्या. कोणत्या घरात कोणती कादंबरी गेली, त्या घरातला माणूस काय काम करायचा, सगळं जुळवता आलं. वाचकांचा इतिहास हा आमच्यातला सगळ्यात कठीण भाग. कारण छापणारा हिशेब ठेवतो, वाचणारा ठेवत नाही.

माझा ढीग याच्यापुढे अगदीच किरकोळ. एका बंद पडलेल्या प्रकाशनसंस्थेच्या सतरा वह्या आणि दोन ट्रंका. त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे दिवसभर आम्ही करतो काय ते कळेल.

या संस्थेच्या एका कवितासंग्रहाची 'दुसरी आवृत्ती' आठ महिन्यांत निघाली होती. कवीने पुढे आठवणींमध्ये अभिमानाने लिहिलं की पहिली आवृत्ती हातोहात संपली, आणि वाङ्मयेतिहासांनी ते वाक्य तसंच उचललं. मी दोन्ही आवृत्त्यांच्या प्रती टेबलावर शेजारी ठेवल्या. पान ७३, तिसरी ओळ: 'र'चा पाय तुटलेला. दुसऱ्या प्रतीत त्याच ओळीत त्याच 'र'चा तोच पाय तुटलेला. मग भिंग घेऊन बसले. सोळापानी पाच फर्म्यांत (एका तावावर एकदम छापून घडी घातलेली पानं म्हणजे फर्मा) असे नऊ तुटके खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, निघाले, नऊही दोन्हीकडे जागच्या जागी. नव्याने जुळणी केली, म्हणजे एकेक खिळा पुन्हा लावला असता, तर तेच तुटके खिळे त्याच जागी कसे येतील? म्हणजे दुसरी आवृत्ती छापलीच नाही. पहिलीचे उरलेले फर्मे नवं मुखपृष्ठ लावून बांधले. मी आनंदाने परिषदेत निबंध वाचला.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. त्यांनी स्वतः छापखाना चालवलेला. म्हणाले, "बाई, जुळलेलं मॅटर सोडलंच नसेल तर? तसंच बांधून ठेवलं आणि आठ महिन्यांनी पुन्हा मशिनीवर चढवलं, तरी तुमचे तुटके खिळे तिथेच दिसतील." मला उत्तर नव्हतं. तुटका खिळा जुळणी एकच असल्याचं सांगतो, छपाई एकच असल्याचं सांगत नाही. हे माझ्या पाठ्यपुस्तकात होतं, मी वाचलेलंही होतं, पण डोक्यात शिरलं ते त्या दिवशी.

परत आले आणि कागदखरेदीची वही काढली. अख्खी आवृत्ती पुन्हा छापायची तर कागद लागणार. त्या आठ महिन्यांत या पुस्तकाच्या नावावर मुखपृष्ठाचा रंगीत कागद होता आणि सुरुवातीची चार पानं नव्याने छापण्यापुरते पांढरे ताव. बस्स. शिवाय साठ्याच्या नोंदीत पहिल्या आवृत्तीच्या १००० पैकी ४१२ प्रतींचे फर्मे न बांधता पडून होते. म्हणजे निष्कर्ष माझाच टिकला, फक्त तो सिद्ध करायला कविता सोडून कागदाच्या रिमा मोजाव्या लागल्या. ग्रंथसंशोधक डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९६९ मध्ये हाच धडा सगळ्या क्षेत्राला दिला होता. एक पुस्तक, एक यंत्र, रोजचा ठरलेला वेग असं धरून जाणकार मंडळी जुन्या छपाईचे अंदाज बांधत. मॅकेन्झींनी केंब्रिजच्या विद्यापीठ छापखान्याचे १६९६ ते १७१२ चे हिशेब पुढे ठेवले: एकाच वेळी अनेक पुस्तकं यंत्रावर, आणि कामगारांचं काम या आठवड्यात ढीगभर तर पुढच्या आठवड्यात निम्मं. याच माणसाने न्यूझीलंडमध्ये विद्यार्थ्यांसाठी हातछपाईचा छापखाना काढला होता, ते उगाच नाही.

नोकरीचं मात्र असं की ही गोष्ट कुठे सांगायची ते कळायला हवं. इतिहास विभागाच्या एका मुलाखतीत मी ती सांगितली तेव्हा समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, "हे रंजक आहे, पण यात इतिहास कुठे?" पुढच्या महिन्यात साहित्य विभागात सांगितली, तिथे विचारलं, "यात साहित्य कुठे?" दोन्ही नोकऱ्या गेल्या. तिसऱ्या ठिकाणी मी तुटके खिळे बाजूला ठेवले आणि एवढंच म्हणाले, की साहित्यात 'लोकप्रिय' हा शब्द आपण प्रकाशकाच्या जाहिरातीवरून वापरतो, मी तो हिशेबाच्या वहीवरून तपासते. नोकरी लागली. तुम्ही इतिहासाचे आहात तर घर इतिहासाचंच ठेवा. एखादा काळ आणि एखादा प्रदेश तुम्हाला असा शिकवता यायला हवा की त्यात पुस्तकाचं नावही निघणार नाही, कारण पहिल्या वर्षाच्या वर्गाला तेच शिकवावं लागतं. माझ्या आठवड्याच्या चौदा तासांत ग्रंथेतिहासाचे तास दोन.

काळाचा अंदाज हवा असेल तर माझा प्रबंध साडेपाच वर्षांत झाला, त्याचं पुस्तक व्हायला आणखी चार लागली. मधली सहा वर्षं दरसाल नवा करार. मोठी ग्रंथालयं एक ते तीन महिन्यांच्या पाठ्यवृत्त्या देतात. कामासाठी त्याहून चांगलं काही नाही आणि संसारासाठी त्याहून वाईट काही नाही. माझ्यासकट बरोबरीने पीएच.डी. केलेल्या पाच जणांपैकी आम्ही दोघी शिकवतो, एक जण दुर्मिळ ग्रंथांचा विभाग सांभाळतो (माझ्या मते आमच्यात सगळ्यात सुखी तोच), एक प्रकाशनसंस्थेत हक्कविक्री बघते, एकाने क्षेत्रच सोडलं.

कौशल्यांचं म्हणाल तर पुस्तक वस्तू म्हणून तपासायला शिका: फर्मे, कागदातलं पाणचिन्ह, शिवण, कापून पुन्हा चिकटवलेली पानं. अमेरिकेत यासाठीच टेरी बेलँजर यांनी १९८३ मध्ये दुर्मिळ ग्रंथांची एक शाळा काढली, ती १९९२ पासून व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. तिच्या आठवड्याभराच्या वर्गांना या क्षेत्रात मान आहे. जमाखर्च वाचायला शिका. संगणकावरच्या ग्रंथसूच्या जरूर वापरा, पण डोळे उघडे ठेवून. इंग्रजीची १८०० पर्यंतची जी मोठी सूची आहे तिच्यात चार लाखांवर नोंदी आहेत, पण चार पानांची पत्रिका ही एक नोंद आणि जाडजूड ग्रंथ हीही एकच. त्यावरून आलेख काढून 'या दशकात वाचन वाढलं' असं लिहिलेलं मी पाहिलंय. आणि शार्प नावाची ग्रंथेतिहासकारांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९९१ पासूनची. विद्यार्थी असतानाच तिच्या परिषदेत निबंध वाचा. तिथे मागच्या रांगेतले आजोबा भरपूर भेटतात.

एक इशारा. खासगी दप्तर असेल तर परवानगी लेखी घ्या, आणि त्यात 'उद्धृत करण्यास' हे शब्द असू द्या. माझ्या दुसऱ्या कामाला एका संस्थेच्या वारसांनी तोंडी होकार दिला, मी दोन वर्षं नोंदी घेतल्या, आणि मग घरातली वाटणी बिनसली व दार बंद झालं. त्या नोंदी अजून माझ्या कपाटात आहेत. छापता येत नाहीत.

राहिला नोकरीचा प्रश्न. करा. मी पीएच.डी.आधी दोन वर्षं मुद्रितशोधन केलं आणि तो वेळ वाया गेला असं एकदाही वाटलं नाही. फर्मा म्हणजे काय हे मला कुठल्या व्याख्यानात कळलं नाही. एका पुस्तकाची १६६ पानं झाल्यावर व्यवस्थापक "सहा पानं काढा नाहीतर दहा वाढवा" म्हणून ओरडले तेव्हा कळलं. मजकूर कापला गेला तो सोळाच्या पाढ्यासाठी, आणि दहा वर्षांनी एक समीक्षक त्या कापलेल्या शेवटाचं कौतुक करताना मी ऐकला. तिथे असताना पुस्तकाची किंमत ठरवतात तो कागद एकदा मागून बघा. आमच्याकडे त्यावर आधी कागद, मग जुळणी, छपाई, बांधणी, मग विक्रेत्याचं कमिशन असे रकाने होते. लेखकाचा रकाना सगळ्यात शेवटी होता, आणि बऱ्याचदा पेन्सिलीने भरलेला असे.