लीप करून ६ महिने झाले, तरी एचपीव्ही पॉझिटिव्ह. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का?

लगेच नाही, ताई. लीपमध्ये गर्भाशयमुखाचा बिघडलेला भाग निघतो. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, तो आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या पेशींतही राहू शकतो. बहुतेकींच्या बाबतीत तो १-२ वर्षांत आपोआप नाहीसा होतो. त्यावर गोळी नाही, त्यामुळे कोणी ‘कोर्स’ गळ्यात मारत असेल तर कापसाचे पैसे त्यात घालू नका.

पण रिपोर्ट फाईलला लावून विसरूही नका. कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी, करून घ्या. काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ होत्या का, हे बायोप्सीच्या कागदावर असतं. तो सोबत न्या. गावच्या पीएचसीत हे होणार नाही, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या हॉस्पिटलला विचारा. खर्रा, बिडी बंद.

आणि नवऱ्याशी भांडू नका. हा विषाणू वर्षानुवर्षं दडून राहतो, कधी आला ते सांगता येत नाही.