वाचक विचारतात: मॅडमचे सात विषय, खरा कुठला?

प्रश्न: मी मायक्रोबायोलॉजीत एमएससी केलंय, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास आहे. आमच्या डिपार्टमेंटला यंदा नवीन सर-मॅडम आलेत. एका मॅडमच्या प्रोफाइलवर लोणारचे जंतू, जैवइंधन, नॅनो, कॅन्सर असे सात विषय दिलेत. यातला खरा कुठला धरायचा? आणि नवीन माणसाकडे पीएचडी करावी का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: अहो, सात विषय सगळेच टाकतात, लग्नाच्या बायोडेटात छंद लिहितात ना तसंच! तुम्ही शोधगंगावर (पीएचडी थिसिसची वेबसाइट) जा, मॅडमचा थिसिस तिथे असेल तर काढा आणि शेवटचे दोन-तीन पेपर बघा, जे दोन्हीकडे सापडेल तेच खरं काम, बाकीचं पुढेमागे करायची इच्छा.

बाकी लोणारचं सरोवर असेल तर मजा आहे. पाणी खारट आणि अल्कलाइन. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले होते, तिथे पाणी नुसतं स्थिर ठेवलं तर गुलाबी थर खाली बसला आणि वर पाणी नितळ, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, खारटपणात जगणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा होता. आणि हे एकट्या मायक्रोवाल्यांचं काम नाही हं, उल्का बेसॉल्ट खडकावर पडून खड्डा झाला म्हणून जिऑलॉजीवाले येतात, गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे म्हणून इतिहासवाले. तुमच्याकडे जिऑलॉजीतही कोणी नवीन आलं असेल तर को-गाइडचं विचारून बघा, यूजीसीच्या नियमात दुसऱ्या डिपार्टमेंटचा को-गाइड चालतो.

आता नवीन माणसाचं. असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, प्रोफेसरला आठ. पण मोठ्या सरांकडे बहुतेक वेळा हाउसफुल्ल असतं, नव्यांकडे जागा रिकामी. फक्त आधी गाइडशिप, म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची मान्यता, मिळालीय का ते विचारा, 2022 च्या नियमाप्रमाणे त्यासाठी स्वतःची पीएचडी आणि किमान तीन पेपर लागतात, पोस्टही परमनंट हवी. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असतील तर कितीही हुशार असोत, गाइड होता येत नाही (हे मला स्वतःला पटत नाही, पण नियम आहे).

भेटायला जाल तेव्हा "मॅडम, तुमचा इंटरेस्ट काय" असं विचारू नका. त्यांचा एक पेपर वाचून जा आणि त्यातलं न कळलेलं विचारा.