पोटावर फक्त ‘१९८८’ आणि ‘चायना’ असलेला खेळण्यातला डायनोसॉर कोणत्या कंपनीचा?

तुम्ही विचारलंय की मामांच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात आठ डायनोसॉर सापडले, एकाच्या पोटावर ‘१९८८’ आणि ‘चायना’ एवढंच वाचता येतं, तिघांवर नुसतं ‘हाँगकाँग’ आहे आणि बाकीचे कोरे. तर कंपनी कोणती आणि किंमत किती. फोटो मात्र तुम्ही सगळे बाजूने काढलेत. बाजूच्या फोटोवरून खेळण्यातला डायनोसॉर ओळखता येत नाही. ओळखला म्हणणारा बहुतेक वेळा अंदाजच करत असतो.

१९८८ वाल्याचं आधी सांगते. ते साल खेळणं बनल्याचं नाही, मूळ शिल्पाच्या कॉपीराइटचं आहे. साचा एकदा तयार झाला की वर्षानुवर्षं त्याच साच्यातून माल निघतो, त्यात कोरलेलं साल कोणी बदलत बसत नाही. अमेरिकेच्या सफारी लिमिटेडने पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमच्या नावाने १९८८ साली १:४० प्रमाणातली मालिका आणली, ती थेट २०१५ पर्यंत चालली. मधल्या काळात काही शिल्पं बदलली, काही नुसती नव्या रंगात निघाली. म्हणजे पोटावर १९८८ असलेला नग पुढच्या दशकातलाही असू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका संग्राहकाने असाच एक ब्रॅकिओसॉरस ‘८८ चा पहिला माल’ म्हणून चढ्या भावाने विकला. मी हरकत घेतली तर ‘पोटावर लिहिलंय ना’ हे एकच उत्तर. त्याच पोटावर, सालापासून बोटभर अंतरावर, ‘सीई’ची खूण होती. युरोपात खेळण्यांना ही खूण लागू झाली १९९० पासून. मग तो नग ८८ चा कसा? साल हे फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं, ‘याच वर्षीचा’ असं कधीच सांगत नाही. हे त्यांना अजून पटलेलं नाही, पण तुम्ही पक्कं लक्षात ठेवा.

तेव्हा पोटावर ‘१९८८’ या आकड्याच्या आजूबाजूला जे काही कोरलंय ते सगळं वाचा. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश घेऊन आधी धुवा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, रंग सुटून येतो. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पोटाला जवळजवळ समांतर धरा आणि दुसऱ्या मोबाइलने सरळ वरून फोटो घ्या. सावली पडली की बसलेली अक्षरंही उठून दिसतात. तरी लागत नसतील तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने चोळून वरवरची पुसून टाका, खाचांत पांढरं राहील. पेन्सिल घासू नका, मऊ पीव्हीसीवरचा काळा डाग जाता जात नाही. पोट झालं की मांड्यांची आतली बाजू, शेपटीची खालची बाजू आणि तळपाय बघा. टायकोच्या डायनो-रायडर्सवर किंवा प्लेस्कूलच्या नगांवरही त्याच सुमाराची सालं आहेत, पण तिथे कंपनीचं नाव सोबत असतं. कार्नेगीचे प्राणी अखंड, त्यांत सांधे नसतात.

पत्ता असला तर तोही वाचा. जर्मनीच्या श्लाइखच्या नगावर ‘जर्मनी’ लिहिलंय म्हणून तो तिथे बनला असं समजू नका, तो कंपनीचा पत्ता आहे. कुठे बनला ते ‘मेड इन’च्या पुढे. पिनकोड मात्र कामाचा. जर्मनीत पाच आकडी पिनकोड जुलै १९९३ मध्ये आले, तेव्हा श्लाइखच्या पत्त्यातला ७३५२७ दिसला की छाप त्यानंतरचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९९० च्या एकीकरणाआधीचा. इंग्लंडच्या लेस्टरमधल्या इन्व्हिक्टाचे नग सगळ्यांत सोपे: १९७४ पासून, १:४५ प्रमाण, सुरुवातीचे एकाच रंगाचे, आणि ब्रिटिश म्युझियम (नॅचरल हिस्ट्री) हे नाव पोटावर. १९९४ च्या सुमाराचे, बॉस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्सचं नाव असलेले बॅटॅटचे नग दोन पायांवर उभे असले की काळाने पुढे झुकतात. तो त्या प्लॅस्टिकचा स्वभाव आहे, तुमच्या मामांनी नीट ठेवलं नाही असं नव्हे.

आता ‘हाँगकाँग’वाले तीन. त्यांना कोणी ‘चायनासॉर (म्हणजे स्वस्त, बेनाम डायनोसॉर) आहेत, टाकून द्या’ म्हटलं तर ऐकू नका. हाच आमचा जुना वाद: वरचेच गृहस्थ म्हणतात, कंपनीचं नाव नाही तर किंमत नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत स्वस्त दुकानांत हाँगकाँगी प्राण्यांच्या पिशव्या मिळत, त्यातले काही प्राणी डायनोसॉर नव्हतेच. एकाची शेपटी पंख्याच्या पात्यांसारखी, एकाच्या पाठीवर कवच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनारम्य टेबल-खेळाचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स याने ते आपल्या खेळाच्या टेबलावर राक्षस म्हणून वापरले आणि त्यांतूनच त्या खेळातले रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट हे राक्षस तयार झाले. बुलेट तर १९७६ साली ‘द ड्रॅगन’ या मासिकाच्या पहिल्याच अंकात छापून आला. या बेनाम प्राण्यांच्या मागे आज जाणकार हात धुऊन लागलेले असतात. नाव नसणं हा दोष नाही.

ते ओळखायचे कसे? एकेकटे नव्हे, गटाने. ‘हाँगकाँग’ एका ओळीत आहे की दोन ओळींत, अक्षरं उठावाची की खोल, साच्याची शिवण पाठीच्या कण्यावरून जाते की कुशीतून, डोळा ठिपक्याने रंगवलाय की नुसता कोरलाय, फवाऱ्याचा रंग कोणता. हे चार-पाच मुद्दे जुळले की नग एकाच कारखान्याचे धरा, आणि त्यातल्या एकावर जरी इम्पीरियल किंवा डोर मेई असं ऐंशीच्या दशकातलं नाव निघालं तर बाकीच्यांना दुवा मिळाला. त्याच दशकात तिथले कारखाने मुख्य चीनमध्ये सरकले, म्हणून ‘हाँगकाँग’ हा छाप साधारण त्याआधीचा किंवा तेव्हाचा.

कोऱ्या नगांच्या पोटावर बोट फिरवा. सगळीकडे खवल्यांचा खरखरीतपणा आणि मध्येच नखाएवढा गुळगुळीत चौकोन लागला तर तिथली अक्षरं बुजवलीत, साचा बहुधा चोरीचा. मग व्हर्नियरने मोजा. तयार खेळण्यावरून काढलेल्या साच्यातलं प्लॅस्टिक थंड होताना पुन्हा आकसतं, प्रत मूळ नगापेक्षा दोन-तीन टक्के लहान निघते, म्हणजे १५० मिलिमीटरवर तीन-चार मिलिमीटर. दातांमधल्या फटी भरून येतात, बोटं एकमेकांना चिकटतात.

पाण्याची चाचणी भरीव नगालाच करा. पॉलिथिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. मार्क्स कंपनीचे १९५५ नंतरचे जुने प्राणी मेणचट पॉलिथिलीनचे असत, म्हणून ‘मार्क्सचा आहे’ असं सांगून दिलेला भरीव नग तळाशी गेला तर सरळ नाही म्हणा.

हाताला तीन बोटं आहेत म्हणून अ‍ॅलोसॉरस असं तुम्ही लिहिलंय, ते सोडा. खेळणी करणाऱ्यांनी हाडं बघून नव्हे, दुसऱ्याची खेळणी बघून साचे केलेत. खऱ्या टी-रेक्सला दोनच बोटं, पण खेळण्यांत तीन बोटांचे टी-रेक्स ढिगाने आहेत. पोटावर नाव असेल तेच त्याचं नाव.

दोन गोष्टी राहिल्या. गुळगुळीत चौकोन म्हणजे दर वेळी चोरीच असं नाही, साचा रीतसर विकला गेला तरी नवा मालक जुनं नाव काढतो; म्हणून मापाशिवाय आरोप करू नका. आणि ‘सीई’ नाही याचा अर्थ १९९० च्या आधीचा असाही होत नाही, कारण ती खूण लेबलवर किंवा वेष्टनावरही चालते.

किंमत आत्ता सांगणार नाही. विक्रेते मागतात तो आकडा भाव नसतो, विकल्या गेलेल्या मालाचा आकडा बघा. तोवर उडालेला रंग पुन्हा लावू नका, त्याने नग उतरतो. मऊ पीव्हीसीचे नग कडक प्लॅस्टिकच्या डब्यात चिकटून ठेवू नका, त्यातला मऊपणा देणारा पदार्थ पाझरतो आणि दोन्ही चिकट होतात. प्रत्येकाला साधा पांढरा कागद गुंडाळा. पुढचे फोटो पोटाचे टाका, शेजारी पट्टी ठेवून, आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर मिलिमीटरमध्ये लिहा.