वय ४२, राहायला साताऱ्यात. शिडाची होडी चालवायला आता शिकता येईल का?

येईल की, वय आड येत नाही, पाण्याची भीती येते, म्हणून आधी लाइफ जॅकेट घालून खोल पाण्यात निवांत तरंगायला शिका. होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, दोन्ही बाजूंचे साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं. नवख्यांची होडी कलंडते ती बहुतेकदा वाऱ्याचा झोत आल्यावर शिडाची दोरी गच्च धरून ठेवल्यामुळे. तेव्हा दोरी सैल सोडायची. कलंडलीच तर पोहत काठाकडे निघू नका. सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीवर, उभं राहून वजन टाकलं की डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, सरळ होते. फक्त तापोळा-बामणोली जवळ आहे म्हणून पहिले धडे शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, एकट्याने गिरवू नका. डोंगरांमुळे तिथे वारा झोतांनी येतो, दिशाही बदलतो. पावसाळा सोडून मुंबईचा किनारा बरा.